वांग्याला पाणी किती, खत कोणते?



माघ लागला. ज्यांना उन्हाळी वांगी करायची आहेत, त्यांची रोपे गादीवाफ्यावर दोन-चार पानांवर आली असतील. फाल्गुनात लागण, चैत्रात फूल, वैशाखात तोडा, असा या पिकाचा हिशेब. लग्नसराईत आणि भाजीच्या टंचाईत माल हाती येतो, म्हणून उन्हाळी वांगे दोन पैसे जास्त देते. पण ज्या महिन्यात ते सर्वांत जास्त पाणी मागते, नेमकी त्याच महिन्यात आपली विहीर तळाला जाते. तेव्हा लागणीपूर्वीच चार गोष्टी ठरवलेल्या बऱ्या.

माण तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, "गेल्या वर्षी २० गुंठे वांगी केली. विहिरीला पाणी होते तोवर दर तिसऱ्या दिवशी सऱ्या तुडुंब भरल्या. युरियाही सढळ हाताने टाकला. झाडे छातीला लागली. रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. पण फुले गळायची, फळ धरायचे नाही. वैशाखात विहिरीने दगा दिला. मग जी वांगी आली ती बारकी, निबर आणि कडवट. व्यापाऱ्याने दोनदा माल परत केला. यंदा थोरल्याच्या कॉलेजची फी याच वांग्यांवर धरली आहे. आमचे मालक म्हणतात, पाणी कमी पडले, कर्ज काढून बोअर मारू. थोरला म्हणतो, खत कमी पडले, यंदा युरियाची आणखी दोन पोती आणू. आत्याबाई म्हणतात, आमच्या वेळी नुसत्या शेणखतावर वांगी यायची, या पोत्यातल्या खताने सगळे बिघडले. मी कोणाचे ऐकू?"

ताई, तुमच्या घरातले तिघेही थोडे थोडे खरे बोलतात. चूक एवढीच, की प्रत्येकाने एकच बाजू धरली आहे. पाणी आणि खत ही जोडी आहे. जू मानेवर घेतल्यावर एक बैल पुढे पळाला आणि दुसरा मागे राहिला, तर गाडी बांधावर चढते. गेल्या वर्षी तुमची गाडी अशीच बांधावर चढली. आधी पाणी पुढे पळाले, मागाहून खत. दोघांची गाठ पडली नाही.

झाड खत खात नाही, पिते

मुळाला दात नाहीत. खताचा दाणा पाण्यात विरघळला, तरच तो मुळावाटे झाडात जातो. माती कोरडी असली तर पोतेभर खत टाकूनही झाड उपाशीच राहते. उलट थोड्या ओलीत जास्त खत पडले, तर मुळाभोवतीचे पाणी खारट होते. पानांच्या कडा करपतात. घरात लोणच्याला मीठ लावले की फोडीतले पाणी बाहेर सुटते, तुम्ही रोज पाहता. खताची मात्रा जास्त झाली की मुळाचेही तसेच होते.

आता दुसरे टोक पाहा. युरिया जमिनीत गेला की काही दिवसांत त्याचे रूप बदलते आणि तो नायट्रेट होतो. हे नायट्रेट मातीच्या कणाला चिकटून बसत नाही, पाणी जाईल तिकडे जाते. सरी तुडुंब भरली की पाणी मुळांच्या खाली उतरते आणि आपल्याबरोबर नत्रही नेते. तुम्ही तिसऱ्या दिवशी पाणी दिले, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी पैशाचे खत खाली ढकलले. पिकाला ते परत मिळत नाही, उलट पुढे विहिरीच्या पाण्यात उतरते.

शिवाय मुळांना हवाही लागते. मातीच्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांचा श्वास कोंडतो. पाने पिवळी पडतात आणि मर रोगाला आयते दार उघडते. म्हणून आपले जुने लोक वाफसा बघत. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. वांग्याला हीच स्थिती लागते, चिखल नव्हे.

छातीला लागलेली झाडे का फसली?

नत्र झाडाला पाला देते. ते प्रमाणाबाहेर झाले की झाड पाल्यातच रमते. पाने मोठी, कोवळी आणि रसाळ होतात. अशा पानांवर तुडतुडे धाव घेतात. हेच तुडतुडे बोकड्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीलाही असा कोवळा शेंडा फार आवडतो. म्हणजे युरियाचे पैसे गेले आणि वर फवारणीचा खर्चही आला.

फूलगळीचे म्हणाल, तर यंदा एक गोष्ट स्वतः करून पाहा. वांग्याचे उमललेले फूल हातात घ्या. मधोमध पिवळ्या केसरांचा एक छोटा शंकू असतो. त्याच्या टोकातून एक हिरवट काडी डोकावते का, ते बघा. काडी बाहेर आलेली किंवा टोकाच्या बरोबरीला असेल, तर ते फूल फळ धरणारे. काडी आखूड असून शंकूच्या आत खोल दडलेली असेल, तर ते फूल बहुधा गळणारच. अशी वांझ फुले थोडीबहुत प्रत्येक झाडावर असतात. पण झाड उपाशी राहिले, तहानले किंवा वेळेवर तोडा न झाल्याने फळांनी लादलेले राहिले, की त्यांची संख्या वाढते. सकाळी पाच-सहा झाडांची वीस फुले तपासा. निम्म्याहून जास्त आखूड काडीची निघाली, तर झाड काही तरी मागते आहे, असे समजा. हे काम घरातली शाळेची पोरेही आनंदाने करतील.

शेणखत की पोत्यातले खत?

आत्याबाईंचे म्हणणे टाकाऊ नाही. चांगले कुजलेले शेणखत माती भुसभुशीत ठेवते, ओल धरून ठेवते आणि पोत्यातल्या खताला मुळाजवळ थांबवते. हे काम युरियाला जमत नाही. पण शेणखतात नत्र असते शेकडा अर्धा किलोच्या आसपास, आणि पहिल्या हंगामात त्यातला साधारण तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. अर्धी गाडी, म्हणजे सुमारे २५० किलो शेणखत एका गुंठ्याला टाकले, तर या हंगामात त्यातून ४०० ग्रॅम नत्र मिळेल. वांग्याला गुंठ्यामागे लागते दीड किलो. नुसत्या शेणखतावर भागवायचे तर गुंठ्याला दोन गाड्या पाहिजेत. आत्याबाईंच्या वेळी गोठ्यात आठ-दहा जनावरे असत आणि वांगी परसात दोन गुंठे. आज जनावरे कमी झाली आणि वांग्यांचे क्षेत्र वाढले. म्हणून दोन्ही खते मिळून वापरावी लागतात.

मात्र शेणखत कुजलेलेच हवे. कच्च्या शेणातून हुमणी आणि तणाचे बी शेतात जाते. कोंबडखत तर ताजे कधीच घालू नका, ते फार गरम असते. निंबोळी पेंड मिळाली तर युरियाबरोबर जरूर वापरा, तिने युरियाचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. चुलीची राख बागेत टाकत असाल तर चांगलेच, तिच्यात पालाश असते. पण राख आणि युरिया एकत्र करू नका. दोन्ही एकत्र आले की नत्र वायू होऊन उडून जाते.

हिशेबाने खत

मध्यम काळ्या जमिनीत वांग्याला हेक्टरी १५० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. आपण ती गुंठ्यावर आणू. एका गुंठ्याला लागेल:

शेणखत अर्धी गाडी, नांगरटीनंतर पाळीबरोबर मातीत मिसळून.

सिंगल सुपर फॉस्फेट ३ किलो १०० ग्रॅम, सगळे लागणीच्या वेळी. स्फुरद जिथे पडते तिथेच बसते, पाण्याबरोबर फारसे हलत नाही. म्हणून ते फोकून न देता शेणखतात मिसळून रोपाच्या मुळाजवळ द्या.

म्युरेट ऑफ पोटॅश ८०० ग्रॅमपेक्षा थोडे जास्त, तेही लागणीच्या वेळी. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा बरे असते, पण माती तपासल्याशिवाय ते गाळू नका.

युरिया एकूण सव्वातीन किलो. त्यातला निम्मा लागणीच्या वेळी. उरलेल्याचे तीन सारखे भाग करा. पहिला भाग लागणीनंतर एका महिन्याने, दुसरा दोन महिन्यांनी आणि तिसरा तीन ते साडेतीन महिन्यांनी. ९० बाय ७५ सेंटीमीटरवर लागण केली तर गुंठ्यात १५० झाडे बसतात. म्हणजे नंतरच्या प्रत्येक हप्त्याला एका झाडाच्या वाट्याला येतो चहाचा एक चमचा युरिया, तोही सपाट. मूठ नव्हे, हे थोरल्याला जरूर सांगा.

दुकानात सुपर नसून डीएपी मिळाले, तर गुंठ्याला १ किलो १०० ग्रॅम पुरे. डीएपीतून नत्रही येते, म्हणून पहिल्या हप्त्यातला युरिया ४०० ग्रॅमने कमी करा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली, पण पुष्कळ घरांत ती पत्रिका ट्रंकेत पडून आहे. ती बाहेर काढा. तुमच्या मातीत काय कमी आणि काय जास्त, ते पाहून वरचे आकडे कमी-जास्त करा.

खत देण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. ओल्या मातीवर उघडा पडलेला युरिया उन्हात वायू होऊन उडतो. माती वाफशावर असताना खोडापासून चार-सहा बोटे दूर बांगडी पद्धतीने युरिया टाका, लगेच मातीने झाका आणि हलके पाणी द्या. त्या दिवशी सरी तुडुंब भरू नका, नाही तर सकाळी टाकलेले संध्याकाळी खाली गेले असे होईल.

हिशेबाने पाणी

आता मालकांच्या बोअरचा प्रश्न. त्याआधी पाणी मोजून पाहू. एक सोपा आकडा ध्यानात ठेवा. एका गुंठ्यात एक सेंटीमीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १००० लिटर. पूर्ण वाढलेले वांगे हिवाळ्यात गुंठ्यामागे रोज ३०० ते ४०० लिटर पाणी खर्च करते. चैत्र-वैशाखात हाच खर्च ६०० ते ८०० लिटरवर जातो. मध्यम जमिनीत एका पाळीला गुंठ्यामागे ४००० लिटर दिले, तर हिवाळ्यात ते १० दिवस पुरेल आणि वैशाखात ५ ते ६ दिवस. मुरमाड, हलक्या जमिनीत ओल टिकत नाही. तिथे निम्मे पाणी द्या, पण पाळी निम्म्या दिवसांनी द्या.

तुमच्या विहिरीवर जाऊन २०० लिटरचे पिंप पाण्याच्या तोंडाखाली धरा आणि किती सेकंदांत भरते ते पाहा. समजा ४० सेकंदांत भरले. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. तुम्ही पत्रात लिहिले आहे, की वैशाखात मोटर दिवसाकाठी तासभरच चालते. तर वैशाखात तुमची रोजची शिल्लक १८,००० लिटर. त्यातून घर आणि जनावरे यांचे २००० काढा. राहिले १६,०००. मातीच्या पाटात मुरते त्याचा पाव हिस्सा धरू, म्हणजे ४००० गेले. उरले १२,०००. म्हशीसाठी ४ गुंठे घास आहे, त्याला रोज २८०० लागतील. वांग्यांना राहिले ९२००. गुंठ्याला ७०० प्रमाणे भागा. उत्तर आले १३ गुंठे.

ताई, तुम्ही लावले होते २०. म्हणजे लागणीच्या दिवशीच ७ गुंठे वांगी वैशाखात वाळायची हे ठरलेले होते. विहिरीने दगा दिला नाही, आपण विहिरीला विचारले नाही. २० गुंठे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा १३ गुंठे पोटभर ठेवा. तहानलेल्या झाडाचे वांगे कडवट, बियाळ आणि निस्तेज होते, आणि असा माल बाजारात भावाने नव्हे, दयेने विकतो.

हाच हिशेब खताला लावा. १३ गुंठ्यांना सगळ्या हंगामाचा युरिया लागतो ४२ किलो. आज युरियाचे पोते ४५ किलोचे येते. म्हणजे एक पोतेही पुरते संपत नाही. थोरल्याची जादा दोन पोती दुकानातच राहू द्या.

आणि मालकांना एक सांगा. पाटात मुरणारे ते ४००० लिटर वाचवायचे तर बोअर लागत नाही, विहिरीपासून शेतापर्यंत पाइप लागतो. तेवढे पाणी वाचले की वांग्यांना ९२०० ऐवजी १३,२०० लिटर मिळतात. भागून बघा, जवळजवळ १९ गुंठे भिजतात. बोअरला पाणी लागेल की नाही हे जमिनीच्या पोटात गेल्यावर कळते. पाइपचे पाणी आजच विहिरीत दिसते आहे. ठिबक झेपत असेल तर त्याहून बरे. त्यात युरिया विरघळवून थोडा थोडा, आठवड्याच्या आठवड्याला देता येतो. सुपर फॉस्फेट मात्र ठिबकमधून देऊ नका, ते पुरते विरघळत नाही आणि तोट्या बुजतात.

केव्हा द्यावे, केव्हा थांबावे

लागण ओलीत करा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी द्या. रोपे उभी राहिली की फूल येईपर्यंत हात आखडता ठेवा. या काळात वरची माती थोडी सुकली तरी बिघडत नाही, मुळे ओल शोधत खाली जातात. ज्याने या काळात रोज पाणी दाखवले, त्याची मुळे वरच राहतात आणि वैशाखात तीच आधी माना टाकतात. फूल दिसू लागल्यापासून मात्र पाळी चुकवू नका. फुलापासून तोड्यापर्यंत पडलेला ताण पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही.

पाळी आली की नाही, हे दिवस मोजून पुरते कळत नाही. हाताने पाहा. झाडाजवळ टीचभर खोल उकरून मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू वळला आणि अंगठ्याने दाबताच फुटला, तर वाफसा आहे, थांबा. लाडू वळतच नसेल तर पाणी द्या. हाताला चिखल लागला तर मोटरीकडे फिरकू नका. दुपारी पाने मलूल दिसतात, त्याने घाबरून जाऊ नका. संध्याकाळी ती सावरली तर तो उन्हाचा परिणाम. सकाळीच मलूल दिसली तर तहान. आणि माती ओली असूनही सकाळी मलूल असतील, तर मर रोगाची शंका घ्या, तिथले पाणी आधी बंद करा.

पाणी फारच आटले तर एकाआड एक सरी भिजवा, पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या घ्या. झाडांच्या बुडाशी पाचट किंवा गव्हाचे काड पसरा, उन्हाने उडणारी ओल थांबते. रात्रपाळीची वीज असेल आणि दारे धरायला माणूस नसेल, तर मोटर चालू ठेवून झोपू नका. त्या एका झोपेत आठवड्याचे पाणी आणि महिन्याचे खत जाते. दर ४ ते ६ दिवसांनी तोडा करा, झाड हलके राहते आणि नवी फुले फळ धरतात.

वाण मांजरी गोटा असो, कृष्णाकाठचे असो की जळगावकडचे भरताचे असो, जमीन आणि वाणाप्रमाणे आकडे थोडे हलतील, रीत हीच. तेव्हा ताई, या आठवड्यात खताच्या दुकानात जाण्याआधी पिंप घेऊन विहिरीवर जा. मालक, थोरला, आत्याबाई, तिघांनाही बरोबर न्या. एकाने पिंप धरावे, एकाने घड्याळ, आणि आत्याबाईंनी वैशाखात पाणी कुठल्या पायरीवर जाते ते दाखवावे. ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आकडा निघाला की तेवढीच रोपे उपटा. राहिलेली रोपे शेजाऱ्याला द्या. पहिल्या तोड्यानंतर फीचे कसे जमले, ते जरूर कळवा.

पुढील खेपेला शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. तोवर रामराम.